वऱ्हाडचे गाडे आणि मुंबईतले निर्वासित युरोपीय

चित्रकार हरी अंबादास गाडे यांचा जन्म १९१७ मध्ये तळेगाव दशासरचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातला. नागपूरला विज्ञानाची पदवी घेऊन ते चित्रकलेकडे वळले आणि १९४७ मध्ये मुंबईत निघालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एक ठरले. सूझा, रझा, हुसेन, आरा आणि शिल्पकार बाकरे हे बाकीचे पाच.

त्या काळी कलाशाळांत हुबेहूब चित्रणावर भर असे. युरोपातली नवी कला या तरुणांना भेटली ती मुंबईतच, हिटलरच्या राजवटीमुळे घरदार सोडून आलेल्या माणसांकडून. रुडॉल्फ फॉन लायडन हे जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ १९३३ मध्ये आले आणि टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहू लागले. वॉल्टर लँगहॅमर व्हिएन्नाचे चित्रकार. त्यांची पत्नी ज्यू, त्यामुळे जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर तिथे राहणे अशक्य झाले. मुंबईत ते टाइम्सचे कलादिग्दर्शक झाले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. आपापली चित्रे मांडत, रंगलेपनावर वाद घालत. व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ मध्ये. तोवर अशा घरांचा आधार फार मोठा होता.

गाडे यांच्या निसर्गचित्रांत घरांच्या भिंती, छपरे आणि उतार यांचे भौमितिक तुकडे होतात. सुरीने थापलेला जाड रंग उजेडाचे काम करतो. रचना फ्रेंच चित्रकार सेझानच्या वळणाची, पण ऊन मात्र इथलेच.

या तरुणांच्या कामाला युरोपची नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. १९४८ मध्ये दिल्लीतल्या एका प्रदर्शनात हुसेन आणि सूझा यांनी मथुरेची शिल्पे व बसोलीची लघुचित्रे पाहिली, आणि त्यांची रेषा बदलली. पाहुण्यांनीही इथून घेतले. लँगहॅमर इथल्या उन्हाची, रस्त्यांची चित्रे काढत राहिले. लायडन यांनी गंजिफांचा मोठा संग्रह केला, त्यावर ग्रंथ लिहिला. सावंतवाडीत आजही रंगवले जाणारे हे गोल पत्ते अभ्यासाचा विषय झाले, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, बाकरेही लंडनला. गाडे भारतातच राहिले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. वऱ्हाडातल्या शाळांनी चित्रकलेच्या तासाला त्यांची निसर्गचित्रे मुलांपुढे जरूर ठेवावीत.