काम संपलं की सेटिंगही संपावी



डेटाबेस म्हणजे काय, एसक्यूएल कशाशी खातात, हे इथे सांगत बसत नाही. पुढच्या रांगांत रोज क्वेरी लिहिणारी मंडळीच जास्त दिसताहेत. प्रोग्रॅम डेटाबेसला जोडला गेल्यापासून ते कनेक्शन तुटेपर्यंतचा काळ म्हणजे सेशन, आणि त्या काळापुरत्या डेटाबेसच्या काही सवयी आपल्याला बदलता येतात, एवढं गृहीत धरून पुढे जातो. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी 'सेट' आहे, ओरॅकलमध्ये 'ऑल्टर सेशन', मायएसक्यूएलमध्ये 'सेट सेशन'. मी उदाहरणं पोस्टग्रेसचीच घेईन. माझं म्हणणं असं आहे की सेशनची सेटिंग हा क्वेरीचाच एक न लिहिलेला भाग असतो. म्हणून ज्या कामासाठी ती बदलली, त्या कामाबरोबरच ती संपली पाहिजे.

न लिहिलेला भाग असं का म्हणतो, ते पाहा. '01/05/1960' ही अक्षरं तारीख म्हणून पोस्टग्रेसला दिली. 'डेटस्टाइल' या सेटिंगमध्ये महिना आधी असेल, तर तो 5 जानेवारी 1960 समजतो. दिवस आधी असेल, तर 1 मे 1960, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस. क्वेरी तीच, टेबल तेच, आणि चूक झाल्याची एका अक्षराची सूचना नाही. याहून वाईट म्हणजे '13/05/1960' दिली, की महिना आधी मानणारं सेशन लगेच एरर देतं, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा मुकाट्याने उलटतात आणि तेराव्या दिवसापासून आरडाओरडा सुरू होतो. (मागून आवाज: तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी!) अगदी बरोबर, तशी लिहिली की ती कुठल्याही डेटस्टाइलमध्ये एकसारखीच वाचली जाते. पण टाइमझोनचं काय कराल? 1 एप्रिलच्या पहाटे दोन वाजता पुण्यात कुणी ऑनलाइन पैसे भरले आणि सेशनचा टाइमझोन यूटीसी असला, तर त्या सेशनच्या हिशेबी 31 मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. 'करंट_डेट' विचारलीत तर 31 मार्च मिळेल आणि पावती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल. इथे तारीख कुठल्या क्रमाने लिहिली, याचा काही संबंधच उरत नाही. तारखांवर ठरवलं होतं त्याहून जास्त बोललो, पण हिशेबात अशी चूक शिरली की ती शोधायला माणसं महिनोन्‌महिने खपतात, आणि क्वेरी वाचून ती सापडत नाही, म्हणून बोललो.

आता कुणी म्हणेल, सेशन संपलं की सेटिंग आपोआप जाते, मग भीती कसली? एका माणसाचं एक कनेक्शन असतं, तेव्हा हे खरं होतं. आज ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामध्ये कनेक्शन पूल असतो. धर्मशाळेच्या खोलीसारखं तेच कनेक्शन दिवसभर फिरत राहतं, एक गेला की दुसरा. रिपोर्ट काढणाऱ्याने 'वर्क_मेम' ही मेमरीची मर्यादा 4 एमबीवरून 512 एमबी केली आणि तो निघून गेला, तर नंतर येणाऱ्याला ती आयती मिळते. शिवाय ही मर्यादा अख्ख्या क्वेरीची नसते. त्यातल्या प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला ती वेगळी लागू होते. त्याहून गंभीर प्रकार परवानग्यांचा. 2016च्या जानेवारीत आलेल्या 9.5 आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये ओळीनिहाय सुरक्षा आहे. अनेक पतसंस्थांची खाती एकाच डेटाबेसात ठेवायची, सेशनमध्ये पतसंस्थेचा क्रमांक सेट करायचा आणि त्या क्रमांकाच्याच ओळी दिसतील असं धोरण लावायचं, ही रचना सर्रास केली जाते. तो क्रमांक कनेक्शनवर चिकटून राहिला आणि पुढच्या विनंतीने आपला क्रमांक लावायचा राहिला, तर एका संस्थेची खाती दुसरीच्या पडद्यावर येतात.

यावर पूलच साफसफाई करतो, हे नेहमीचं उत्तर आहे. 'पीजीबाउन्सर' या पोस्टग्रेसच्या पूलरमध्ये कनेक्शन परत आलं की 'डिस्कार्ड ऑल' चालवायची सोय आहेच, पण मुळात ती सेशन पद्धतीच्या पूलिंगसाठी. ट्रान्झॅक्शन पद्धतीत, म्हणजे दर ट्रान्झॅक्शननंतर कनेक्शन पूलमध्ये परत जातं तिथे, ती आपोआप चालत नाही, आणि कमी कनेक्शनांत जास्त काम उरकायचं म्हणून बरेच लोक हीच पद्धत निवडतात. दुसरं उत्तर, सगळं सर्व्हरवरच कायमचं ठरवून टाका. वर्क_मेम सर्वांना 256 एमबी दिली आणि शंभर कनेक्शनांनी एकेक सॉर्ट काढला, तर 25 जीबीपर्यंत मेमरी त्यातच जाऊ शकते. रिपोर्टसाठी वेगळा रोल करून त्याला 'ऑल्टर रोल'ने सेटिंग द्या, ही सूचना मात्र चांगली आहे. टाइमझोनसारख्या स्थिर गोष्टींना ती मी स्वतःही सुचवेन. पण विनंतीगणिक बदलणारा पतसंस्थेचा क्रमांक रोलमध्ये मावत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं आहेत. तेव्हा उपायाकडे येतो. 'सेट लोकल' वापरा. ट्रान्झॅक्शन सुरू करा, सेट लोकल द्या, क्वेरी चालवा, कमिट करा. कमिट होवो वा रोलबॅक, सेटिंग पूर्वपदावर येते. ट्रान्झॅक्शनच्या बाहेर सेट लोकल दिलंत, तर फक्त ताकीद मिळते आणि काहीच बदलत नाही, म्हणून लॉगमधल्या त्या ताकिदीकडे दुर्लक्ष करू नका. लांबलेली ट्रान्झॅक्शन जुन्या ओळी साफ करणाऱ्या व्हॅक्यूमला अडवते, हा आक्षेप रास्त आहे. पण एकटी क्वेरीही स्वतः एक ट्रान्झॅक्शनच असते. तिच्याभोवती बिगिन आणि कमिट घातल्याने ती लांबत नाही. लांबते ती मध्येच ॲप्लिकेशन दुसरीकडे रेंगाळलं तर.

प्रोग्रॅममधून येणारी किंमत सेटच्या वाक्यात पॅरामीटर म्हणून देता येत नाही. तिथे 'सेट_कॉन्फिग' हे फंक्शन घ्या आणि त्याचा तिसरा आर्ग्युमेंट 'ट्रू' ठेवा, म्हणजे तेही ट्रान्झॅक्शनपुरतंच राहतं. मात्र आपण स्वतः निर्माण केलेली सेटिंग अशी संपल्यावर त्याच कनेक्शनवर ती नल होत नाही, रिकामी स्ट्रिंग होऊन उरते. म्हणून सुरक्षेच्या धोरणात ती वाचताना रिकाम्या स्ट्रिंगचा नल करणाऱ्या 'नलइफ'मधून वाचा. मग क्रमांक लावायचा राहिलाच, तर त्या विनंतीला एकही ओळ दिसणार नाही.