पेंढा भरण्यापूर्वी

मेलेला पक्षी जिवंत असल्यासारखा उभा करून ठेवण्याच्या विद्येला आपण मराठीत 'पेंढा भरणे' म्हणतो. हा शब्द ज्याने कोणी रूढ केला, त्याने हे काम बहुधा लांबूनच पाहिले असावे. कारण पेंढा, म्हणजे आत भरायचा भुसा, कापूस किंवा सुतळी, हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. अवघड असते ती कातडी. आणि कातडीतही तिच्या आतल्या अंगाला चिकटून राहिलेली चरबी. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या चरबीविषयी, आणि ती काढण्यासाठी धरमपेठेतल्या आमच्या घरी, मागच्या व्हरांड्यात मी जुळवलेल्या एका ओबडधोबड यंत्राविषयी.

मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात इतिहास शिकवतो. पण नागपूरच्या मुलाला पेंढा भरलेले प्राणी नवे नसतात. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, १८६३ साली, इथले मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. गावाने त्याला 'अजब बंगला' हे नाव दिले आणि तेच टिकले. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तिथे गेलो, तेव्हा काचेपलीकडच्या पक्ष्यांच्या डोळ्यांना डोळा लावून कितीतरी वेळ उभा राहिलो होतो. आत काय आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

आत काय आहे, याचे एक उत्तर पुढे इतिहासाच्या वाचनात मिळाले: सोमल. अठराव्या शतकात बेकर नावाच्या एका फ्रेंच माणसाने सोमल घातलेला साबण शोधून काढला. तो कातडीला आतून चोळला की कसर लागत नसे. पुढे दीडशेहून अधिक वर्षे जगभर हाच उपाय चालला. म्हणून आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचा एखादा पक्षी किंवा शिंगांचे डोके असेल, तर ते झटकू नका, मुलांच्या हाती तर देऊच नका. सोमल शंभर वर्षांनीही सोमलच असतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून मोकळा होतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातला पक्षी मारणे तर सोडाच, मेलेला सापडला तरी परवान्याशिवाय त्याची कातडी काढणे हा गुन्हा आहे. रस्त्यात मोर मरून पडलेला दिसला, तर वनखात्याला कळवावे आणि बाजूला व्हावे. आपल्यासारख्या हौशी माणसाने कोंबडी आणि पाळीव बदक यांच्यापलीकडे हात लांबवू नये. त्यातही पक्षी कशाने मेला हे ठाऊक नसेल, तर त्याला शिवू नये. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने हजारो कोंबड्या गेल्या हे आपल्याला आठवत असेल. आणि २०२४च्या डिसेंबरात तर आपल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात त्याच रोगाने तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले.

मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले शरीररचनेचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड ही विद्या स्वतःच्या स्वतः शिकले. त्यांनी सुरुवात पक्ष्यांपासून केली. पुढे वाघ-सिंहांपर्यंत मजल गेली, आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली या कामाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. म्हैसूरचा वॅन इंजेन यांचा प्रसिद्ध कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडल्यावर आपल्याकडे ही विद्या जवळजवळ संपलीच होती. एक प्राध्यापक हे शिकू शकतो, एवढ्या आधारावर दुसऱ्या प्राध्यापकाने धीर केला, असे समजा. बरोबरीची भाषा मी करीत नाही; माझी मजल कोंबड्यांपर्यंतच होती.

कोंबडीने मला गर्व चढवला. तिची कातडी पातळ, चरबी थोडी. चमच्याच्या कडेने खरवडली की निघते. चार कोंबड्या बऱ्या उतरल्या, आणि ही गोष्ट आमच्या गल्लीत पसरली. शेजारी एक आजी राहतात, एकट्या. त्यांच्या अंगणातल्या हौदात पांढऱ्या बदकांची जोडी होती, नऊ वर्षांची. त्यातली मादी म्हातारपणाने गेली. आजी फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, इला ठेवून द्याल का हो तुमच्या त्या कोंबडीसारखं?" मी हो म्हटले. नाही म्हणायला हवे होते.

बदक पाण्यात राहणारा जीव. थंडी लागू नये म्हणून निसर्गाने त्याच्या कातडीखाली चरबीची गादीच घातलेली असते. आणि ही चरबी लोण्याच्या गोळ्यासारखी वेगळी निघत नाही. पिसे अंगभर सारखी उगवत नाहीत. शेतातल्या तासांसारखी ओळींनी उगवतात. कातडी उलटी केली की पिसांच्या मुळांच्या या ओळी दिसतात, आणि दोन ओळींमधल्या घळीत चरबी गच्च बसलेली असते. चमचा वरून फिरतो. घळीत उतरत नाही. सुरी उतरते, पण कातडी ओल्या पतंगी कागदासारखी. मी चार तास खरवडले, दोन ठिकाणी फाडले, शिवले, आणि झाले असे समजून टाकणखार चोळून बदक उभे केले. पोहचते केले तेव्हा आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता.

तो डिसेंबर होता. पुढे मे महिना आला. नागपूरचा मे काय असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला आणि घळीतली ती चरबी पातळ होऊन पिसांच्या मुळांतून बाहेर झिरपू लागली. चरबी हवेने नुसती खवट होत नाही, आंबटही होते, आणि ते आम्ल कातडी आतून खाते. बाहेरून पिवळे डाग, आतून कातडी भाजलेल्या पापडासारखी. मी सहज गेलो, तर बदकाची छाती भिंतीकडे वळवून ठेवलेली. आजी म्हणाल्या, "इकडून चांगली दिसते नं. पोटच थोडं पिवळं पडलं." खोलीत वासही होता. त्यांनी वासाचे नाव काढले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरे आहे. हसायचे तर हसा.

परदेशात या कामाला यंत्र असते. त्याचे तत्त्व अगदी साधे: मोटारीच्या दांड्यावर तारेचा गोल ब्रश बसवायचा आणि फिरत्या ब्रशावर कातडीची आतली बाजू धरायची. बारीक तारांची टोके पिसांच्या ओळींमधून जातात आणि घळीतली चरबी उडवून लावतात. तयार यंत्र मागवणे माझ्या पगारात बसणारे नव्हते. ब्रश मात्र आपल्याकडे मिळतो. गंज काढायला वेल्डिंगवाले वापरतात तोच. इतवारीच्या लोहाओळीत मी चार इंची, बारीक आणि नागमोडी तारेचा ब्रश घेतला. दुकानदाराने विचारले, "सर, कायले पाहिजे?" मी म्हटले, बदकाला. त्याने पुढे काही विचारले नाही.

प्रश्न मोटारीचा होता. पहिल्यांदा मी ओळखीच्या एका वर्कशॉपमधल्या धार लावायच्या ग्राइंडरवर ब्रश चढवून पाहिला. ते चक्र मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते. प्रयोगाला बाजारातल्या कोंबडीची कातडी होती; डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती ब्रशाभोवती गुंडाळली गेली आणि पिसे छतापर्यंत उडाली. मिक्सरची मोटार तर त्याहून किती तरी पट वेगाची, तिचा विचारही करू नका. मग एका रविवारी गच्चीवर उत्तर सापडले. आमच्या जुन्या कूलरचा पत्रा सडला होता, पण पंख्याची मोटार शाबूत होती. तिच्यावरच्या पट्टीवर फेरे लिहिले होते: १४००.

हिशेब करून पाहा. चार इंची ब्रशाचा परीघ साधारण एक फूट. म्हणजे मिनिटाला कातडीवरून सुमारे साडेचौदाशे फूट तार जाते. सहा इंची चक्राच्या ग्राइंडरवर हाच आकडा चव्वेचाळीसशे फुटांच्या घरात जातो, तिप्पट. शिवाय कूलरची मोटार अंगाने दुबळी. कातडी जरा जोरात दाबली की ती कण्हते आणि थांबते. पहिल्यांदा मला हा दोष वाटला. मग ध्यानात आले की हीच तिची खुबी. कातडी अडकली तर ती फाडण्याऐवजी मोटारच हात टेकते, आणि बोट मध्ये आले तर बोटही वाचण्याची आशा असते. थांबली की मात्र लगेच बटण बंद करावे, नाही तर मोटार आतून जळते.

जुळणी थोडक्यात सांगतो. मोटार सागवानी फळीवर बोल्टांनी घट्ट बसवली. दांडा आणि ब्रशाचे भोक यांचे माप जुळेना, म्हणून लेथवर एक बुश करून घेतला. तेलाचा पंधरा किलोचा पिपा आडवा कापून ब्रशावर वरून आणि मागून झाकण केले, खाली उडालेली चरबी पडायला रद्दीची पाने अंथरली, आणि मोटार व ब्रश यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत घातली. कारण कूलरची मोटार उघडी असते आणि हे काम ओल्या हातांनी करायचे असते. म्हणूनच तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांत काटकसर करू नये. बटण पायाने दाबायचे ठेवले, पाय उचलला की बंद. दोन्ही हात कातडीत गुंतलेले असतात तेव्हा याचे मोल कळते.

सगळे झाले आणि पाहतो तर मोटार उलटी फिरतेय! ब्रशाची माझ्याकडची बाजू खालून वर येत होती, म्हणजे चरबी थेट तोंडावर. वायरमनला बोलवायला निघालो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मग तुम्हीच पलीकडे जाऊन बसा नं." मी पलीकडे जाऊन बसलो. तिकडून ब्रश वरून खाली येत होता. ही मोटार होळीच्या आत कूलरला परत लावायची, अशी त्यांची अट होती. यंत्राचा पहिला वास घेतल्यावर अट त्यांनी आपण होऊन मागे घेतली.

नवा ब्रश तसाच कातडीला लावू नये. त्याच्या तारांची टोके तिखट असतात. आधी विटेच्या तुकड्यावर फिरवून बोथट करावीत. कातडी पाण्यात भिजवून ओली ठेवावी, कारण कोरडी चटकन फाटते. ती दोन्ही हातांनी ताणून, पिसांच्या ओळींच्या दिशेने, ब्रशाला नुसती टेकवावी, दाबू नये. आणि मुख्य नियम हा, की ब्रश नेहमी कातडीच्या कडेकडून बाहेर जावा, कडेवरून आत येऊ नये. आत येणारी तार कड पकडते आणि मग ग्राइंडरवरच्या कोंबडीची गत होते. शेपटीच्या मुळाशी तेलाची एक गाठ असते, बदक चोचीने तेच तेल पिसांना लावते. ती आधी सुरीने कापून काढावी. पंखांच्या सांध्यांजवळ आणि मानेवर कातडी फार नाजूक, तिथे ब्रश जपून न्यावा. डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके. हातमोजे बोटांना घट्ट बसणारे हवेत. सैल बाही किंवा ओढणी कधीही नको.

चमच्याने चार तासांत जे झाले नाही, ते यंत्रावर पाऊण तासात झाले. रद्दीच्या कागदांवर वाटीभर चरबी जमली होती आणि फाटकाबाहेर मांजरांची सभा. मग कातडी भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात तीनदा धुतली. पाणी हाताला बुळबुळीत लागेनासे होईतो धुवायचे, हाच हिशेब. टॉवेलने टिपून, केस वाळवायच्या यंत्राच्या गार वाऱ्यावर पिसे फुलवली, आणि मग टाकणखार.

हे मी कोणत्या बदकाचे सांगतो आहे, असे तुम्ही विचाराल. दोन कोंबड्यांवर आणि बाजारातून आणलेल्या एका बदकावर हात बसवला होता. पुढच्या हिवाळ्यात आजींचा नर गेला. मी आपण होऊन गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? आजीच पुन्हा फाटकाशी आल्या. हातात टोपली होती, वर ओले फडके. म्हणाल्या, "यालाही करून द्या भाऊ. ती एकटीच उभी आहे नं तिथे."

त्याला आता दोन उन्हाळे झाले. मे महिना लागला की मी टिपकागद घेऊन आजींकडे जातो आणि तो छातीच्या, पोटाच्या, पाठीच्या पिसांवर हलकेच दाबून पाहतो. पहिल्या वर्षी कागद कोरा निघाला. यंदा डाव्या पंखाच्या बगलेत दाबला, तेव्हा त्यावर मसुरीच्या डाळीएवढा तेलकट ठिपका उमटला. तिथे ब्रश न्यायला मी भ्यालो होतो, ते मला आठवत होते. कागद उजेडात धरून आजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, आणि चहा ठेवायला आत गेल्या.