पायाला फोड येण्याआधी

(येरवडा, पुणे येथे पदयात्रेच्या तयारीसाठी गावोगावचे लोक बसले होते. तिथे आपल्या आरोग्याच्या कामातल्या एका बाईंनी केलेले हे बोलणे. जसे बोलल्या तसेच, थोडे आवरून, छापले आहे.)

साथींनो, मला भाषण येत नाही. पायांबद्दल बोल म्हणून सांगितलंय, तेवढंच बोलते. ज्यांच्या पायात चप्पल आहे त्यांनी ती काढून पुढ्यात ठेवा. शेवटी मी एकेक बघणार आहे.

आपण बसलोय त्या येरवड्याच्या अंगानं, आळंदी रस्त्यानं, दरसाल ज्ञानोबांची पालखी पुण्यात येते. दिघी, विश्रांतवाडी करत दिंड्या फुलेनगरला येतात तेव्हा त्यांची ती पहिल्याच दिवसाची चाल असते, पंढरपूरपर्यंतची दोनशेहून जास्त किलोमीटरची वाट अजून पुढंच असते. मी त्या रस्त्याला पाण्याची बादली आणि पट्ट्या घेऊन बसते. सगळ्यात आधी लंगडत कोण येतं, सांगा. म्हातारे नाही येत. वारीसाठी नवीकोरी चप्पल घेतलेला तरणा पोरगा येतो. साठीची बाई दोन ठिकाणी शिवलेली जुनी चप्पल घालून त्याच्या पुढं निघून जाते. तिच्या पायाला ती चप्पल माहीत आहे.

‘चप्पल चावली’ असं आपण म्हणतो. होतं काय, की चालताना कातडीचा वरचा थर चपलेला धरून राहतो आणि आतला हाडाबरोबर सरकतो. हजार वेळा असं झालं की दोघांमधी फट पडते आणि तिच्यात पाणी भरतं. तव्यावर भाकरी फुगते आणि पापुद्रा सुटतो ना, तसं. घामानं किंवा चिखलपाण्यानं कातडी मऊ झाली असली तर लवकर सुटतो. म्हणून चप्पल आजच घ्या आणि मोर्चा निघेपर्यंत रोज घाला, रानात घाला, बाजाराला घाला. ओल्या पायानं चालू नका. मुक्कामाला पाय धुतले तर बोटांच्या बेचक्यांसकट पुसा. ऊन पाण्यात पाय बुडवून बसायला बरं वाटतं, पण ते रात्री, झोपायच्या आधी. बुडवून लगेच चालायला लागलात तर मऊ झालेली कातडी सोलून निघेल.

आता मुख्य गोष्ट. फोड एकदम येत नाही, आधी चुरचुरतं. एका जागी चटका बसल्यासारखं होतं. तिथंच थांबायचं. पुढच्या गावात नाही, चहाच्या वेळेला नाही, तिथंच. खडा असेल तर झटका, पट्टा घासत असेल तर त्याला मऊ सुती चिंधी गुंडाळा, आणि लाल झालेल्या जागेवर चिकटपट्टी लावा. पट्टीला सुरकुती राहू देऊ नका, सुरकुतीच नवा फोड काढते. ह्याला पाच मिनिटं लागतात. पण आपली माणसं थांबत नाहीत. एका मोर्चात एक आजी माझ्या शेजारून चालत होती. संध्याकाळी बघितलं तर टाचेची कातडी चपलेला चिकटलेली. म्हटलं, आजी, सकाळीच का नाही सांगितलंस? म्हणाली, “मी मागं राहिले तर माझ्या प्लॉटचं कोण बोलंल?” दुसऱ्या दिवशी तिला टेम्पोत घालावं लागलं. दाव्याचे कागद पिशवीत घेऊन ती टेम्पोत बसून रडत होती.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च तुम्हाला ठाऊक आहे. ६ तारखेला निघाले, १२ तारखेला आझाद मैदानात होते. सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीची मागणी त्यात मोठी होती. शेवटच्या रात्री, दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण नको म्हणून, दिवसभर चाललेले पाय सोमय्या मैदानावरून अंधारात पुन्हा चालले. सोललेल्या तळव्यांचे फोटो पेपरात आले, मुंबईच्या लोकांनी चपला आणून दिल्या. त्यांनी चांगलं केलं. पण तेव्हापासून आपल्यात एक येड शिरलंय, की फोड म्हणजे मोर्चाचा बिल्ला. मला हे पटत नाही. वनहक्काचा कायदा २००६ चा आहे, तो आपल्याला जमीन कसण्यावर हक्क देतो, तळवे दाखवण्यावर नाही. आणि परत गेल्यावर त्याच पायांनी नांगरामागं चालायचंय.

मिठाच्या सत्याग्रहाला १९३० साली गांधी चालले तेव्हा साठ वर्षांचे होते. साबरमती ते दांडी, सुमारे ३८५ किलोमीटर, चोवीस दिवसांत, आणि सोमवारी चाल बंद. दिवसाला सरासरी सोळा किलोमीटर. पुढं अटक करून त्यांना ह्याच येरवड्याच्या तुरुंगात आणलं. आपण एका दिवसात तीस-तीस काढतो आणि त्याचा अभिमान धरतो. मार्ग ठरवणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा, एवढंच म्हणते.

फोड आलाच तर? लहान असेल आणि दुखत नसेल तर फोडू नका, वरची कातडी हेच त्याचं औषध. डोक्यावरच्या हंड्याखाली चुंबळ ठेवता तशी कापडाची बारीक चुंबळ करून फोडाभोवती बसवा, म्हणजे भार त्याच्यावर येत नाही. फोड मोठा, टरारलेला, पाय टेकू देत नसेल तरच पाणी काढा. आधी हात आणि फोड साबणानं धुवा. सुई वीस मिनिटं उकळलेली पाहिजे, नाहीतर स्पिरिटनं पुसलेली. काडीवर धरून काळी केलेली नको. खालच्या कडेला टोचा, हळू दाबा, पण कातडी ओढून काढू नका. वर स्वच्छ पट्टी, आणि ती रोज बदलायची.

उघड्या फोडावर तंबाखू, चुना, राख, शेण काही लावायचं नाही. धनुर्वात तिथूनच शिरतो, त्याचं इंजेक्शन निघायच्या आधी घ्या. बिबा तर अजिबात नको. बिबा उतला की तो स्वतःच फोड आणतो. अनवाणी चालून तापल्या डांबरानं आलेला फोड म्हणजे भाजणं, तो टोचूच नका. साध्या पाण्याखाली वीस मिनिटं पाय धरा.

साखरेचा आजार असलेल्यांचा फोड मात्र कुणी घरी टोचायचा नाही. त्यांना आणि पायाला बधिर चट्टा असलेल्यांना फोड आलेला कळत नाही. त्यांनी रोज रात्री डोळ्यांनी तळवा बघावा, स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्याला दाखवावा. लाली पसरली, पू झाला, पायावर वर चढणारी लाल रेघ दिसली, जांघेत गाठ आली, ताप आला, ह्यातलं एकही झालं तर चाल बंद आणि दवाखाना. लाजायचं नाही.

प्रत्येक गावानं एक माणूस ठरवा. बाई असली तर बरं, बाया बाईला पाय दाखवतात. तिच्या पिशवीत साबण, चिकटपट्टी, सुती कापड, कात्री, आणि स्पिरिटची बाटली. मुक्कामाला जेवणाआधी तिनं सगळ्यांचे पाय बघायचे, पुढाऱ्यांचेसुद्धा.

बरं. आता चपला पुढं करा. ही कुणाची, अंगठा तुटलेली?