चूक मागे घेता येते

पनवेलला न्यायालयाच्या परिसरात, एका वकिलांच्या कचेरीत मी बरीच वर्षं टंकलेखन केलं. त्या काळी अर्ज टाइप करायचा म्हणजे चार कागद आणि मधे तीन कार्बन. एक अक्षर चुकलं की चारही प्रतींवर खोडरबर फिरवायचं. सर्व्हे नंबर चुकला, तर पानच नव्यानं घालायचं. चुकीची भीती बोटांत मुरली होती.

२००२ च्या सुमारास, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघत होते तेव्हा, आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. ती भीती बरोबर घेऊनच मी त्याच्यापुढे बसलो.

एक दिवस भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा अर्ज तयार करत होतो. मुदतीचा तो शेवटचा दिवस. शेतकरी पक्षकार सकाळपासून बाकावर बसलेले. चार पानं झाली. अक्षरं थोडी मोठी करावीत म्हणून कंट्रोल धरून ए दाबलं. त्यानं सगळा मजकूर निवडला जातो. तेवढ्यात बोट दुसऱ्याच बटणावर पडलं आणि चार पानांच्या जागी एकच अक्षर उरलं! मी घाबरून खिडकी बंद करायला गेलो. ‘बदल साठवायचे का?’ असं यंत्रानं विचारलं, आणि मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो.

कचेरीतली नवी मुलगी म्हणाली, “काका, बंद कशाला केलंत? कंट्रोल धरून झेड दाबलं असतं, तर सगळं परत आलं असतं.” मग तिनं वाचायचं आणि मी टाइप करायचं, असं करून कचेरी बंद होता होता अर्ज दाखल झाला. त्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं मात्र मला धाडस झालं नाही.

म्हणून सांगतो, पहिल्यांदा झेड शिका. चुकलेलं मागे घ्यायचं ते बटण. दुसरं एस, म्हणजे साठवणं. परिच्छेद संपला की कंट्रोल-एस. मग वीज गेली तरी तिथवरचं काम राहतं. त्यानंतर सी, एक्स, व्ही. सी म्हणजे कॉपी. एक्सचा आकार कात्रीसारखा, त्यानं मजकूर कापायचा. व्ही म्हणजे आपलं उलटं काकपद. राहिलेला मजकूर तिथे घालायचा. कात्री आणि डिंकाचं हे काम पडद्यावर आणलं ते १९७० च्या दशकात, अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी.

मराठीत लिहितानाही हीच बटणं चालतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर सीच्या जागी ‘म’ आणि व्हीच्या जागी ‘न’ असतो. म्हणजे कंट्रोल धरून ‘म’ दाबलं की कॉपी, ‘न’ दाबलं की मजकूर चिकटला. भाषा बदलायची गरज नाही.

आता मी आमच्या ज्येष्ठ नागरिकांना शिकवतो. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपलं नाव, गाव लिहायचं. मग कंट्रोल-ए करून सगळं पुसून टाकायचं. पडदा कोरा झाला की सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, “आता कंट्रोल-झेड.” नाव परत येतं. त्यानंतर कुणाचाही हात कळफलकावर अडखळत नाही.