उत्तरेच्या खिडकीची खोली



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, “तू सॉफ्टवेअरवाली, एआयवर दहा मिनिटं बोल. आमच्या नोकऱ्या राहणार की जाणार, तेवढं सांग.” मी हो म्हटलं, मुद्देही काढले. पण परवा संध्याकाळी शाळेत चक्कर मारली, तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले आणि ते मुद्दे पिशवीतच राहिले. आज एआय नाही. आज मी एका चित्रकाराबद्दल बोलणार आहे. जांभया आल्या तर खुशाल द्या. गणिताच्या तासालाही आपण देतच होतो. बाई, माफ करा.

तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली ड्रॉइंगची खोली आठवते ना? लाकडी स्टुलं, रंगांचे डाग पडलेली फळ्यांची चवड, पाणी ओतायची ती गळकी बादली. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रासाठी सर पितळी कळशी, दोन कांदे आणि एक वांगं मांडून ठेवायचे. सोमवारचं वांगं शुक्रवारपर्यंत सुरकुतायचं, तरी आपल्यातले काही जण ते तुकतुकीतच काढायचे. सर म्हणायचे, “समोर आहे ते काढा रे, बाजारातलं नको.”

त्या खोलीत ट्यूबलाइट लावायला बंदी होती. उत्तरेला मोठी खिडकी होती, खाली चाळींची कौलं. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे कळशीची सावली तासभर जागची हलत नाही. चित्रकार स्टुडिओ निवडताना ही दिशा का बघतात, ते आपल्याला आठवीतच कळलं होतं. आता इंजिनिअर म्हणून एक दुरुस्ती करते. मुंबईत साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. पण तेव्हा एक तर सुट्टी, नाहीतर पाऊस. सरांचं म्हणणं बाधित होत नाही.

त्याच खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कुठल्याशा मासिकातून कापलेलं, पिवळं-नारिंगी, त्यात काही आकार तरंगत असल्यासारखे. ना माणूस, ना झाड. आपण त्याला ‘ओल’ म्हणायचो, कारण आपल्या सगळ्यांच्या घरी पावसाळ्यात भिंतीवर तसंच चित्र उमटायचं. सर चिडले नाहीत. म्हणाले, “मग घरी जाऊन ती ओल पाच मिनिटं नीट बघा.” त्यांनी चित्रकाराचं नावही सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही.

ते नाव मी पुन्हा वाचलं ते २०१४च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमध्ये. तेव्हा मी न्यू जर्सीत नोकरीला होते. आमच्या टीमने दीड वर्ष खपून केलेलं काम वरच्यांनी एका बैठकीत बंद केलं होतं. शनिवारी घरात बसवेना, म्हणून ट्रेनने शहरात गेले आणि थंडी वाजते म्हणून गुगेनहाइम संग्रहालयात शिरले. तिथे प्रदर्शन होतं वासुदेव गायतोंडे यांचं. सुमारे ४५ कलाकृती, कॅनव्हास आणि कागदावरची कामं. एका दालनात वळले आणि समोर पिवळा-नारिंगी कॅनव्हास. माझ्या तोंडून निघालं, “अरे, ओल!” सुदैवाने आसपास कुणाला मराठी येत नव्हतं.

कपाटातलं चित्र हेच होतं का, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. गायतोंडे बहुतेक चित्रांना नावच देत नसत. पण हात तोच होता. मी तिथल्या बाकावर बसले. पाच मिनिटं बघायचं ठरवलं होतं, तास गेला. आधी नुसता पिवळा दिसतो. मग त्याच्याखाली दुसरा पिवळा, त्याखाली करडा, आणि कुठेतरी खरवडून काढल्याची खूण. नंतर वाचनात आलं की ते रोलर आणि पॅलेट नाइफने काम करायचे. रंगाचा थर द्यायचा, काही भाग काढून टाकायचा, रंग लावलेले कागदाचे फाटके तुकडे कॅनव्हासवर दाबून उचलायचे, पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. बाकीचा वेळ बघण्यात आणि विचारात जायचा. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे, ते ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द वापरत. दीड वर्षाचं काम पुसलं गेलं म्हणून रडवेली झालेली मी, ज्याने पुसणं हाच कामाचा भाग केला त्याच्यासमोर बसले होते. माझं दुःख त्याने संपलं नाही. पण सोमवारी ऑफिसला जाता आलं.

आणि मग भिंतीवरची माहिती वाचली. जन्म १९२४, नागपूर. घराणं मूळचं गोव्याचं. बालपण गेलं गिरगावातल्या चाळीत. आपल्या गिरगावात! आपण दहा वर्षं ज्या गल्ल्यांतून दप्तरं घासत शाळेत आलो, तिथलाच हा मुलगा.

परत आल्यावर मी मिळेल ते वाचलं. सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘चिन्ह’चा ‘गायतोंडे’ हा ग्रंथ तर दोनदा. चित्रकाराचं आयुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रदर्शनं, पारितोषिकं, परदेशवाऱ्या येतात. त्या त्यांच्याही आयुष्यात आहेत. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. १९५० मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये, म्हणजे सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्या मंडळींत प्रवेश. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं पारितोषिक. १९७१ मध्ये पद्मश्री. ही यादी वाचून मला काही उमगलं नाही. उमगलं ते त्यांच्या खोल्या मोजल्यावर.

पहिली जागा चाळीतली. तिथे चित्र काढणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आपण अभ्याससुद्धा गॅलरीत बसून केलाय. दुसरी जागा जे. जे. मधली. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत मोलाची, वॉर्डन रोडवरचं भुलाभाई मेमोरिअल इन्स्टिट्यूट. समुद्राकाठच्या त्या बंगल्यात चित्रकारांना अगदी थोड्या पैशांत कामाला जागा मिळायची. एका खोलीत हुसेन, एका खोलीत गायतोंडे, तिथेच रविशंकरांचा संगीतवर्ग आणि गच्चीवर अल्काझींची नाटकं. कोण कुणाच्या खोलीत डोकावतंय, कोण कुणाचं चित्र बघून जातंय, हे रोजचंच. १९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्हज हा अमेरिकन चित्रकार मुंबईत आला होता. गायतोंडेंची चित्रं बघून तो इतका भारावला, की त्याने न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीला पत्राने कळवलं. पुढच्याच वर्षी रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती मिळून गायतोंडे न्यूयॉर्कला गेले आणि चेल्सी हॉटेलात राहिले. ती चौथी खोली. पाचवी दिल्लीत, निजामुद्दीन ईस्टमधली, छोटीशी. तिथे ते एकटे राहत. १९८४ मध्ये अपघात झाला, काही वर्षं मोठे कॅनव्हास करणं जमेना. तेव्हा कागद आणि शाई घेऊन लहान रेखाटनं केली. २००१ मध्ये ते गेले. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींवर गेलं, तो आकडा तुम्ही पेपरात वाचला असेल. त्यातला एक रुपयाही त्यांना बघायला मिळाला नाही. त्यांना जे मिळालं, ते म्हणजे वेळेवर मिळालेली खोली. वॉर्डन रोडवरचा तो बंगला आज नाही, पण त्या वर्षांत तो होता म्हणून ती चित्रं आहेत.

आता माझ्याकडे येते.

इंटरमिजिएटला मला ए ग्रेड मिळाली, तेव्हा आपले ड्रॉइंगचे सर, हे इथे पहिल्या रांगेत बसलेत, दोन जिने चढून आमच्या घरी आले होते. बाबांना म्हणाले, “मुलीच्या जे. जे.चा विचार करा.” बाबांनी चहा दिला आणि “बघू” म्हणाले. सरांनी विचारलं, ती कुठाय? आई म्हणाली, क्लासला गेलीय. सर, मी क्लासला गेले नव्हते. पडद्यामागे स्वयंपाकघरात भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते आणि तुमचा कप बशीत ठेवल्याचा आवाज ऐकत होते. मला कुणी अडवलं असं खोटं सांगणार नाही. मला इंजिनिअरच व्हायचं होतं, झाले, आणि मला माझं काम आवडतं. पण बाहेर येऊन तुमच्यासमोर तसं म्हणायला हवं होतं. ते राहिलं.

त्याहून मोठी चूक पुढची आहे, आणि ती मला परवाच कळली.

२०१२ मध्ये आपल्या बॅचने शाळेला २० कॉम्प्युटर दिले, आठवतंय? सगळ्यांनी पैसे काढले आणि मांडणीचं काम माझ्याकडे दिलं. मी तिकडून ईमेलवर सगळं केलं. खोली किती फूट बाय किती फूट, प्लग पॉइंट किती, वायरिंग कुठून न्यायचं. शाळेने नकाशा पाठवला, त्यावर लिहिलं होतं ‘खोली क्र. ३१’. मला नंबर माहीत नव्हता. आपण तिला कधी नंबराने ओळखलंच नाही, आपण ‘ड्रॉइंग’ म्हणायचो. मी नकाशावर सूचना लिहिली, “एका भिंतीला मोठी खिडकी दिसते. स्क्रीनवर उजेड पडेल. प्लायवुड लावून बंद करून घ्यावी.”

परवा मी त्या खोलीत उभी राहिले. खिडकीवर प्लायवुड आहे, सुबक बसवलंय. भर दिवसा चार ट्यूबलाइट लागतात. २० पैकी नऊ यंत्रं सुरू होत नाहीत, बाकीच्यांवर प्लास्टिकची कव्हरं आहेत. स्टुलं जिन्याखाली आहेत. चित्रकलेचा तास आता वर्गातच होतो, डेस्कवर, वही उघडून. शाळेने काही वाईट केलं नाही. शाळेला यंत्रं हवी होती, जागा एकच मोकळी होण्यासारखी होती. खिडकी बंद करा असं लिहिलं होतं मी. जिला त्या उजेडाची किंमत या मुंबईत सगळ्यांत आधी कळली असेल, तिने.

सर, तेव्हा शाळेतून तुमचा मला फोन नाही, पत्र नाही. काल रात्री मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “मुलांना कॉम्प्युटरही यायलाच हवा गं.” तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून आता कामाचं बोलते. कॉम्प्युटरला आजकाल वेगळी खोली लागत नाही. चालू असलेली अकरा यंत्रं तळमजल्यावर ग्रंथालयाशेजारच्या खोलीत मावतात, मी टेपने मोजून आलेय. तिथे खिडकी लहान आहे आणि यंत्रांची त्याबद्दल तक्रार नसते. मुख्याध्यापिका बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, खर्च आणि हलवाहलव तुम्ही करणार असाल तर आमची ना नाही. खर्च मी देते, चूक माझी आहे. हलवाहलवीला मात्र माणसं लागतील.

आपल्यातून कुणी गायतोंडे निघाला नाही. पुढच्या मुलांतूनही निघेल, असं वचन मी देत नाही. ते आपल्या हातात नाही. खोली आपल्या हातात आहे. जी मुलगी आज डेस्कवर वही उघडून वांगं काढतेय, तिला सावली न हलणारा एक तास मिळावा, एवढंच. पुढे ती हवं तर इंजिनिअर होऊ दे.

उद्या रविवार आहे. सकाळी नऊला मी तिसऱ्या मजल्यावर असेन. स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहेत, जुने कपडे घालून या. सर, तुम्ही तीन मजले चढू नका, म्हणाले असते, पण तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे. खुर्ची वर नेऊन ठेवली आहे.



ता. क. : स्मरणिकेसाठी हे भाषण लिहून देताना एवढी भर घालते. रविवारी चौदा जण आले. प्लायवुडमागे दोन तावदानं फुटलेली आणि कबुतराचं एक घरटं निघालं, ते अंडी असल्यामुळे महिनाभर तसंच ठेवलं. खोली आता मोकळी आहे. कपाट मिळालं, पण दाराच्या आतलं चित्र नव्हतं. तिथे कागदाच्या आकाराचा फिकट चौकोन आणि थोडी ओल आहे. सरांनी ती पाच मिनिटं बघितली.