रिकाम्या पोत्यांचा हिशेब

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक महोदय, विमा आणि बँक क्षेत्रांतले पाहुणे, कोकणातल्या जिल्ह्यांतून आणि घाट उतरून सांगली-कोल्हापूरहून आलेल्या व्यापारी-उद्योजक बंधूभगिनींनो,

समस्त चिपळूणकरांच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. परशुरामाच्या डोंगराखालचं, वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठचं हे गाव. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर इथे १८६४ पासून उभं आहे आणि २०१३ साली शहाऐंशीवं साहित्य संमेलन इथेच भरलं होतं. पाहुणे आले की आमच्या गावाला उत्साह येतो. आपल्या राहण्या-जेवणात कुठे उणं राहिलं, तर हक्काने सांगा.

स्वागताध्यक्षाने गावाचं कौतुक सांगून खाली बसावं, अशी रीत आहे. पण विषय विम्याचा आहे आणि मी याच बाजारपेठेतला किराणा व्यापारी आहे, त्यामुळे थोडं अधिक बोलतो.

आमच्याकडे वर्ष जूनला सुरू होतं. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी वाशिष्ठीत येतं, डोंगरातून पावसाचं येतं आणि त्याच वेळी दाभोळच्या खाडीला भरती असली, तर पाण्याला उतरायला वाटच राहत नाही. २६ जुलै २००५ ला ते दुकानात शिरलं. आम्ही भिंतीवर खूण केली आणि सगळ्या फळ्या त्या खुणेच्या वीतभर वर ठोकल्या. वाटलं, झाली सोय. २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी ती खूण बुडवून थेट पोटमाळ्याला टेकलं. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवत असेल. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर शटर उचललं. तांदूळ आंबून त्याचा वास गल्लीभर पसरला होता, तूरडाळ फुगून पोती उसवली होती. साखरेच्या थप्पीपाशी गेलो, तर तिथे चिखलात चिकटलेली रिकामी पोती. विमा कंपनीचे सर्व्हेअर आले आणि त्यांनी विचारलं, साखर किती होती? प्रश्न रास्त होता. भिजलेली डाळ मोजता येते, विरघळलेली साखर कशी मोजणार? खरेदीची बिलं साखरेबरोबरच गेली होती. कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याने आपल्या वहीतून नकला काढून पाठवल्या, म्हणून निभावलं. माझ्या शेजाऱ्याने तर सर्व्हेअर येण्याआधीच सगळा चिखल जेसीबीने उचलून नेऊ दिला होता. दुर्गंधीने जीव नकोसा झाला होता, त्याला दोष कसा देऊ? पण दाखवायला त्याच्याकडे काहीच राहिलं नाही. चार फोटोही नव्हते.

खरा धक्का पुढे बसला. कर्ज घेतल्यापासून बँक दरवर्षी खात्यातून विम्याचा हप्ता कापून घेत होती. पॉलिसी फाइलीत लागत होती. मी ती पुरानंतर पहिल्यांदा वाचली. तिच्यात पत्ता फक्त दुकानाचा होता. मागच्या गल्लीतल्या वखारीचा, जिथे निम्म्याहून जास्त माल होता, उल्लेखच नव्हता. तिथल्या नुकसानीचा एक रुपया मिळाला नाही. दुकानातल्या मालाची विमा रक्कमही कर्ज घेतलं त्या वर्षीची. वीस लाखांच्या मालाला दहा लाखांचा विमा असेल आणि नुकसान सोळा लाखांचं झालं, तर हातात दहा लाख पडतील, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. माल निम्म्या किमतीलाच उतरवलेला, म्हणून भरपाईही नुकसानीच्या निम्मी, आठ लाख. त्यातूनही आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा. याला सरासरीचं कलम म्हणतात. हे मला कुणी आधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता सोय बरी झाली आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकाच साच्याच्या पॉलिसी द्यायला लावल्या आहेत. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, घरासाठी भारत गृह रक्षा. पहिलीत विमा रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी सरासरी लावत नाहीत. दुसरीत ती लावतच नाहीत. घराच्या विम्यात इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, पण दहा लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. भाडेकरू नुसत्या सामानाचाही विमा घेऊ शकतो. दागिने मात्र वेगळे सांगून उतरवावे लागतात. आणि घराची रक्कम धरताना जागेचा भाव धरू नका. तेच घर आज पुन्हा बांधायला किती लागेल, तेवढाच आकडा लिहा. क्लेमवरून वाद झाला, तर विमा लोकपालाकडे छोट्या व्यावसायिकालाही जाता येतं, तेही विनाशुल्क.

पण माझ्या मते पॉलिसी ही दुसरी पायरी. पहिली, नुकसानच टाळण्याची. भरपाई येईपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरतं आणि ते परत येईलच असं नाही. बुडालेल्या दिवसांचं गिऱ्हाईक साध्या पॉलिसीत भरून मिळत नाही. म्हणून पुरानंतर आम्ही मीटर आणि इन्व्हर्टरची बॅटरी वर नेली. समोरच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोलून ठेवलं आहे: इशारा आला की साखर, मीठ, गूळ आधी त्यांच्या खोलीत. डाळ मागाहून. जे विरघळतं ते आधी उचलायचं, हा क्रम दुकानातल्या मुलांना पाठ आहे. खरेदीची बिलं रोज फोनवरून पुण्याला मुलीकडे जातात. आगीचंही तेच. एका प्लगवर दोन फ्रीजर आणि वजनकाटा चालवणारी दुकानं मला आजही या बाजारात दिसतात, आणि जीव घाबरा होतो. पॉलिसीतही वाजवी काळजी घेण्याची अट असतेच.

घरच्या भगिनींसाठी एकच सांगतो. नोंदवलेल्या पत्त्यावर स्वयंपाकाच्या गॅसचा अपघात झाला, तर त्यासाठी गॅस कंपन्यांनी ग्राहकांचा आधीच विमा उतरवलेला असतो. वेगळा हप्ता लागत नाही. वितरकाला लगेच लेखी कळवावं लागतं, एवढंच. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी घरं भरपाई मागतच नाहीत.

निमंत्रणपत्रिकेत आम्ही आपल्याला पॉलिसीची प्रत सोबत आणायला सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या व्हरांड्यात सहा टेबलं मांडली आहेत. प्रत्येक टेबलावर जाणकार बसतील. आधी पत्ता बघायचा, मग विमा रक्कम, मग संपण्याची तारीख. ज्यांची प्रत बँकेत आहे, त्यांना मागणीचा अर्ज तिथेच लिहून मिळेल. मीही माझी आणली आहे, या वर्षीची. वखारीचा पत्ता दुसऱ्या पानावर आहे.