संहितेवाचूनचे नाट्य आणि नीतीचा कायदा

इंग्लंडच्या युवराजाच्या हिंदुस्थानभेटीनिमित्त कलकत्त्यातील एका वकिलाने केलेल्या आदरातिथ्याची तेथील रंगभूमीवर थट्टा झाली आणि १८७६ साली लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला. त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. राज्यकर्त्यांविषयी अप्रीती आणि प्रेक्षकांच्या नीतीचा बिघाड ही दोन्ही कारणे या कायद्यात शेजारी शेजारी बसविली होती. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली ती पहिल्या कारणासाठी; परंतु नीतीचे कलम अधिक चिवट ठरले. परकी सत्ता गेली तरी हा कायदा पुस्तकात राहिला, तो थेट २०१८ साली रद्द झाला.

स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांत, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना, तमाशावर अश्लीलतेच्या आरोपावरून बंदी आली. पुढे ती उठली, पण लिखित मजकूर आधी तपासून घेण्याची अट मागे राहिली. तमाशात काम करणाऱ्या स्त्रियांची पिळवणूक होत होती आणि बंदी मागणारे सारेच ढोंगी नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तथापि फडाची रोजी बुडविल्याने पिळवणूक थांबते, हा विचार करणाऱ्यांनी फडावरील माणसांचे घर पाहिले नसावे.

खरी अडचण लिखित मजकुराचीच आहे. जामसांवलीचा मारुती ज्या सौंसर तालुक्यात निजला आहे, तो मराठी मुलूख १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. नागपूरकडील खडी गंमत या मुलखाला परकी नव्हे. उभ्याने गाणारा शाहीर, डफ, ढोलकी आणि स्त्रीवेष घेतलेला नाच्या एवढ्यावर ती रात्रभर चालते. गावच्या सावकाराला किंवा पाटलाला जो टोमणा बसतो, तो त्या गावी त्या क्षणी सुचलेला असतो. उद्याच्या गावी तो वेगळा असणार. अशा खेळाची प्रत तपासनिसाकडे धाडावी कशी? जे कागदावर आहे तेच नाटक, असे नियमाने एकदा ठरविले, की शहरातील छापील नाटक फार तर चार वाक्ये गमावते. खडी गंमत, दंडार आणि तमाशातील बतावणी मात्र आपला प्राणच गमावून बसतात. अश्लीलतेसाठी टाकलेल्या जाळ्यात वैविध्य सापडते, ते असे.

शहरातील कलावंतांनी याविरुद्ध न्यायालयाची वाट धरली. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली रंगभूमीवर आले. निळू फुले व लालन सारंग यांच्या भूमिका असलेल्या या नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने अनेक काटछाटी सुचविल्या व प्रयोग बंद पडले. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या लढ्याची हकिकत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. इंडोनेशियात अश्लीलताविरोधी विधेयक आले, तेव्हा एप्रिल २००६ मध्ये जकार्तात नर्तक, गायक, चित्रकार आणि स्त्रीसंघटना यांनी आपापल्या प्रांतांचे वेष लेवून मिरवणूक काढली. बालीच्या नृत्याला आणि पापुआच्या पारंपरिक वेषाला एकच कायदा एकाच फूटपट्टीने कसा मोजणार, असा त्यांचा सवाल होता. घोषवाक्यही त्या राष्ट्राच्या राजचिन्हावरचेच होते : अनेकतेत एकता. विधेयक काहीसे सौम्य होऊन २००८ साली मंजूर झालेच, पण बालीच्या राज्यपालांनी त्याला उघड विरोध केला.

महाराष्ट्रात २०१६ साली अमोल पालेकर यांनी नाट्यप्रयोगाच्या पूर्वतपासणीलाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ही तपासणी पोलीस कायद्यातील नियमांच्या आधारे चालते. म्हणजे नाटक आजही जत्रा, मेळे व करमणूक यांच्या बंदोबस्ताचाच एक भाग मानले जाते. पालेकरांपाशी नाव आहे, वकील आहेत आणि लिहिलेली संहिताही आहे. शेतातले काम उरकून सायंकाळी डफ खांद्याला अडकविणाऱ्या शाहिराने न्यायालयात जायचे ठरविले, तर कोणता कागद पुढे करायचा, येथूनच त्याच्या अडचणीला आरंभ होतो.